जोडीतला तिसरा काटा : सोंग घेतलेले कीटक शोधायचे आणि ओळखायचे कसे

पोळ्याच्या आसपास मी पोरांना घेऊन आमच्या शिवारात फेरी काढतो. अर्धा तास झाला की अमळनेरकडचा एखादा पोरगा वैतागून म्हणतोच, "सर, आठे तं काहीच नई शे!" तो हे म्हणत असतो तेव्हा त्याच्या कोपरापासून वीतभरावर, बाभळीच्या फांदीवर आठ-दहा किडे निवांत बसलेले असतात.

मोठ्यांची तऱ्हा वेगळी. त्यांना किडा दिसतो, पण ते लगेच नाव देऊन मोकळे होतात. कपाशीवर पांढरं दिसलं की पिठ्या ढेकूण, वांग्यावर ठिपके दिसले की मित्रकीटक, फुलावर पिवळे पट्टे दिसले की मधमाशी. यातलं प्रत्येक उत्तर चुकू शकतं, आणि चुकलं की फवारा भलत्यावरच बसतो.

दोन्ही चुकांचं मूळ क्रमात आहे. हात आधी जातो, मग मोबाइल, आणि डोळे सगळ्यांत शेवटी. खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. मधला एखादा गाळलात तर पुढचा फुकट जातो.

तयारी

हंगाम जूनअखेर ते ऑक्टोबर. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३-४४च्या पुढे गेल्यावर आपल्याकडे बहुतेक कीटक सालीखाली, मातीत नाहीतर कोशात असतात. तेव्हा हिंडून फक्त ऊन लागेल. दिवसातली वेळ म्हणाल तर उजाडल्यापासून साधारण नऊपर्यंत. गारव्यात किडे सुस्त असतात, पटकन उडत नाहीत. शिवाय ऊन तिरपं असल्याने सावल्या लांब पडतात, त्यांचा उपयोग पुढे येईल. दुपारी बाराला निघणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक.

सामान थोडंच लागतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोबाइल, चित्रकलेचा अगदी बारीक ब्रश, आइस्क्रीमचे दोन-तीन पारदर्शक डबे, एक जुनी छत्री (शक्यतो फिक्या रंगाची), टॉर्च, वही आणि पेन्सिल. पेन नको, पहिल्या सरीतच शाई पसरते. मापासाठी शाळेच्या पट्टीचा तुकडा खिशात ठेवा.

अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात बूट. बांधावरच्या दगडांत फुरसं हा विषारी साप असतो, आणि तोही मातीच्या रंगाचाच असतो. दगड उचलायचा झाला तर काठीने, आपल्यापासून लांबची बाजू वर करून.

इशारा: कपाशीत किंवा केळीच्या बागेत शिरण्याआधी मालकाला विचारा, शेवटची फवारणी कधी झाली. दोन-चार दिवसांतली असेल तर दुसरं वावर गाठा. यावल किंवा गौताळ्याच्या अभयारण्यात बघा, फोटो काढा, पण परवानगीशिवाय एकही कीटक डब्यात घालू नका. तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे.

टप्पा १ : झाड नेमून घ्या

पाच किलोमीटर चाललात तर पाच किलोमीटर पानं दिसतील. त्याऐवजी एक झाड घ्या आणि त्याला वीस मिनिटं द्या. नवख्याने बाभळीपासून सुरुवात करावी, कारण तिथे हमखास काहीतरी मिळतं. त्यानंतर परसातलं लिंबू, बांधावरची रुई, पाटाकडेचं बेशरम, आंबा आणि तूर.

सोंग त्या त्या झाडासाठी बेतलेलं असतं. बाभळीवर काट्याचं सोंग चालतं, केळीवर ते उघडं पडेल. म्हणून झाडाचं नाव आधी, किड्याचं नंतर.

टप्पा २ : झाड पाठ करा

या टप्प्यावर किडा शोधायचाच नाही, झाड बघायचं. बाभळीचे काटे कसे असतात? जोडीने, सरळ, पांढुरके, पानाच्या बुडाशी. आंब्याच्या पानाची मधली शीर कुठून कुठवर जाते? लिंबाच्या कोवळ्या पानावर चिमणीची शीट पडली तर ती पसरते की गोळा राहते? दोन मिनिटांचं काम आहे, पण हाच टप्पा सगळे गाळतात.

तपासा: डोळे मिटून त्या फांदीचं चित्र सांगता येतंय का? येत नसेल तर अजून एक मिनिट बघा.

टप्पा ३ : झाडाची चूक शोधा

आता त्या पाठ केलेल्या चित्रात काय बसत नाही ते बघायचं.

बाभळीवर जोडीतला तिसरा काटा शोधा. हिरव्या कोवळ्या फांदीवर एकटाच, तपकिरी, किंचित वाकडा काटा दिसला की थांबा. तो बहुधा पाठीवर शिंगं असलेला तुडतुड्यांच्या जातकुळीतला रस शोषणारा किडा असतो. त्याच्या छातीवरचं कवच असं वाढलेलं असतं की लांबून काटाच वाटावा. खात्री करायची तर एका बाजूने हळूच बोट जवळ न्या. काटा असेल तर जागचा हलणार नाही. किडा असेल तर फांदीला वळसा घालून पलीकडे सरकतो, दुसरीकडून बोट नेलं की परत अलीकडे. पोरांना हा खेळ इतका आवडतो की फेरी तिथेच अडकते. फार डिवचलं तर मात्र टुणकन उडी मारून जातो.

याचा सोपा माग मुंगळ्यांचा. हे किडे गोड चिकट पाणी सोडतात आणि मुंगळे त्यासाठी रांग लावतात. फूल नाही, फळ नाही, तरी एखाद्या फांदीवर मुंगळ्यांची ये-जा आहे? तीच फांदी धरा.

त्याच बाभळीवर बारीक काड्यांची मोळी लोंबकळताना दिसेल. वाऱ्याने अडकलेला कचरा समजून आपण पुढे जातो. ती पिशवी-अळीची झोळी असते, रेशमाला काड्या चिकटवून केलेली. अळी आतून डोकं बाहेर काढते, खाते आणि झोळीसकट पुढे सरकते. खोडावर बाभळीचा लांब मिशांचा भुंगेराही तसाच सालीत मिसळून बसतो. तो सापडला नाही तर फांदीची कुरतडलेली साल बघा.

लिंबावर पक्ष्याची शीट शोधा. तपकिरी, मधे पांढरा पट्टा, ओली असल्यासारखी चमक. ती पानाच्या मधोमध आहे आणि शेजारच्या पानाची कड खाल्लेली आहे? मग ती लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी. हीच अळी शेवटच्या कातेनंतर हिरवीगार होते, कारण तेवढ्या मोठ्या आकाराची शीट चिमणी टाकत नाही आणि सोंग मोडलं असतं. पिवळा-काळा लाइम आणि कॉमन मॉर्मन, दोघांच्या अळ्या अशाच. मानेजवळ ब्रश टेकवला तर केशरी-लालसर शिंगांची जोडी बाहेर येते आणि उग्र वास सुटतो.

आंब्यावर मधल्या शिरेला दोन्ही बाजूंनी पिसं फुटल्यासारखी दिसली तर ती कॉमन बॅरन फुलपाखराची अळी. पाठीवरचा पिवळा पट्टा ती बरोबर शिरेवर जुळवून बसते. पानावर नजर ठेवून सापडत नसेल तर पान उन्हाच्या विरुद्ध धरा आणि खालून बघा.

सालीवर चपटे बसणारे किडे समोरून दिसत नाहीत. टॉर्च खोडाला जवळजवळ टेकवून प्रकाश आडवा सोडा, म्हणजे किड्याची सावली पडते. सालीच्या रंगाचा खंडोबाचा घोडा मला असाच सापडला. कडुनिंबाच्या ज्या खोडाला मी रोज सायकल टेकवत होतो, तिथेच, सायकलच्या हँडलपासून चार बोटांवर.

टप्पा ४ : हात मागे, मोबाइल पुढे

किडा दिसला की बोट पुढे जातंच. ते आवरा. बेशरमाच्या पानावर सोनेरी कासव भुंगेरा बसलेला असतो, अंगावर पारदर्शक ढाल असलेला. त्याचा सोन्याचा रंग कवचातल्या ओलसर थरांमुळे असतो. त्याला डिवचलं की काही मिनिटांत रंग उतरतो आणि मेल्यावर तर पार जातो. आधी पकडून डब्यात घातलात तर फोटोत तांबूस-पिवळा भुंगेरा येईल आणि लोक तुम्हाला खोटं ठरवतील.

फोटोंचा क्रम असा :

१. लांबून : फांदी आणि आजूबाजूचं सगळं, किडा दिसला नाही तरी चालेल. सोंग किती जमलंय याचा पुरावा हाच फोटो.
२. वरून, किडा चौकट भरेल इतका.
३. बाजूने, पाय दिसतील असा.
४. तोंडाकडून.
५. पट्टी शेजारी ठेवून.

बहुतेक लोक फक्त दुसरा फोटो काढतात. सोंग वरूनच सगळ्यांत चांगलं जमलेलं असतं, कारण पक्षी वरून बघतो. त्या एका फोटोवरून नाव मागितलं की चुकीचं मिळणारच.

टप्पा ५ : आता हलवा

आधी नुसती फुंकर. मग ब्रशचं टोक. चिमटा किंवा बोट नाही.

तुरीवर आणि कपाशीवर करडे सोंडे भुंगेरे असतात. फांदीला धक्का लागताच ते पाय आखडून खाली पडतात आणि मेल्याचं सोंग करतात. मातीवर पडले की सापडत नाहीत. म्हणून फांदीखाली उघडी छत्री उलटी धरा आणि काठीने फांदीवर दोन टपल्या मारा, जास्त नाही. छत्रीत पडलेल्या कचऱ्याकडे मिनिटभर न हलता बघा. जो कचरा चालायला लागेल तो कचरा नव्हे. कपाशीखाली धरलेल्या छत्रीत चालणारा भुश्श्याचा गोळा दिसला तर जपून ठेवा. क्रायसोपा हा मावा खाणारा मित्रकीटक. त्याच्या काही जातींच्या अळ्या खाल्लेल्या माव्याची आणि पांढऱ्या माशीची सालं पाठीवर घेऊन हिंडतात.

इशारा १: काळ्या अंगावर शेंदरी पट्टे असलेला हिंगे भुंगेरा (तूर, भेंडी, उडदाच्या फुलांवर) उघड्या हाताने उचलू नका. त्याच्या सांध्यांतून पिवळसर द्रव येतो, त्यात कँथरिडिन हे फोड आणणारं विष असतं. मी एकदा मनगटावर चिरडला. त्या वेळी काहीच झालं नाही, म्हणून हात धुतला नाही. रात्री झोपताना पाण्याने भरलेला फोड आला, रुपयाएवढा. हा सोंग करत नाही, उलट आपण विषारी आहोत हे रंगाने ओरडून सांगतो. रुईवरचा निळा-पिवळा नाकतोडा त्याच पंथाचा. दोघांचं ऐकावं.

इशारा २: रात्री जमिनीवर धावणारा मोठा काळा भुंगेरा, पाठीवर सहा पांढरे ठिपके, दिसला तर तोंड जवळ नेऊ नका. तो फॉर्मिक आम्ल फवारतो. दक्षिण भारतातल्या झुडपी रानात एक झुरळ याची नक्कल करतं. त्याच्या पाठीवर ठिपके सात. फोटोत ठिपके मोजायची सवय इथून लावून घ्या.

टप्पा ६ : टोपी सोडा, चप्पल बघा

लहानपणी दारात बहुरूपी पोलीस होऊन यायचा. खाकी कपडे, टोपी, शिट्टी, सगळं चोख. आजी मात्र आधी त्याच्या पायांकडे बघायची. पायांत टायरच्या चपला असायच्या. कीटकांचंही तसंच. रंग आणि आकार ही टोपी. पाय, पंख, तोंड आणि मिशा या चपला. त्या बदलणं सोपं नसतं.

कपाशीवरचा पांढरा कापूस-किडा. हा इथे सविस्तर घेतो, कारण यात मी स्वतः शेण खाल्लं आहे. शेजारच्या नानांच्या कपाशीत शेंड्याला पिठ्या ढेकूण होता आणि त्यात काही जास्तच मोठे, जास्तच झुबकेदार "ढेकूण" हिंडत होते. मी म्हणालो, नाना, हे मोठे आधी चिरडा, हेच अंडी घालतात. नानांनी माझ्या शब्दाखातर सकाळभर बसून ते चिरडले. ते क्रिप्टोलिमस भुंगेऱ्याची पिल्लं होती, पिठ्या ढेकूण खाणारी. अंगावर तसंच पांढरं मेण चढवून ती भक्ष्याच्याच कळपात राहतात. पंधरा दिवसांनी ढेकूण शेंड्यावरून बोंडांपर्यंत उतरला.

फरक असा बघा :

- आकार: पिठ्या ढेकूण चार-पाच मिलिमीटरचा. पिल्लू वाढलं की सेंटिमीटरच्या पुढे जातं.
- मेण: ढेकणाच्या अंगावर पीठ भुरभुरल्यासारखं. पिल्लाच्या अंगावर लांब, लोंबणाऱ्या दशा.
- चाल: ब्रश लावा. ढेकूण सोंड रुतवून बसलेला असतो, कसाबसा हलतो. पिल्लू सरळ पळ काढतं.
- शंका उरली तर: त्याला पाच ढेकणांसोबत डब्यात ठेवा, झाकणाला सुईने भोकं पाडा आणि सकाळी मोजा.

मोठेपणी हाच किडा तीन-चार मिलिमीटरचा काळा भुंगेरा होतो, डोकं आणि बूड तांबूस. तो शेंड्यावर दिसला तर चिरडण्याची घाई करूच नका.

वांग्यावरचा ठिपक्यांचा ढालकिडा (लेडीबर्ड). सगळे ढालकिडे मित्र नसतात. मावा खाणारा ढालकिडा काचेसारखा चकचकीत असतो. वांग्याची पानं खरवडणारा अठ्ठावीस ठिपक्यांचा हड्डा भुंगेरा मात्र निस्तेज, तांबूस, आणि भिंगातून बघितला तर अंगभर बारीक लव. पान बघा : जाळी झाली असेल तर हड्डा. अळीवरूनही कळतं. हड्ड्याची पिवळी, फांद्या फुटलेल्या काट्यांची. मित्राची करडी-काळी, नारिंगी डागांची, मगरीसारखी लांबट.

तुरीच्या शेंगेवरची मुंगी. कंबर बारीक, रंग काळा, चाल तुरुतुरु. पण डोक्याखाली बघा. मुंगीला जबडे असतात. इथे पोटाखाली दुमडलेली सोंड दिसली तर ते शेंगांचा रस शोषणाऱ्या ढेकणाचं पिल्लू. मुंगीच्या मिशा कोपरात वाकलेल्या असतात, याच्या नाहीत. आणि पाय आठ भरले, पुढचे दोन मिशांसारखे वर धरलेले, तर तो मुंगीचं सोंग घेतलेला कोळी. मोजताना त्या वर धरलेल्या दोघांना मिशा समजू नका. कोळ्याला मिशा नसतात.

धन्याच्या नाहीतर कांद्याच्या बियाण्याच्या फुलावरची मधमाशी. हवेत एका जागी टांगल्यासारखी थांबते? पंख दोनच? मिशा अगदी आखूड, डोळे डोकंभर? ती सिरफिड माशी. तिला नांगी नाही. तिच्या कित्येक जातींच्या अळ्या मावा खातात.

लाल ढेकण्या. कपाशीवरच्या लाल ढेकण्याच्या पोटाखाली आडव्या पांढऱ्या पट्ट्या असतात. त्यांच्यातच एखादा दांडगा, वरून लालभडक, पांढऱ्या रेघा नसलेला हिंडत असेल आणि सोंड दुसऱ्याच्या अंगात असेल, तर तो त्याचा शिकारी आहे.

फुलपाखरं. नारिंगी प्लेन टायगरच्या मागच्या पंखावर मधे तीन-चार काळे ठिपके असतात. त्याची नक्कल करणाऱ्या डनेड एगफ्लायच्या मादीला वरच्या कडेला एकच. काळा-लाल कॉमन रोझ आणि त्याची नक्कल करणारी कॉमन मॉर्मनची मादी यांच्यात पंख बघूच नका, धड बघा. लाल धड रोझचं, काळं धड मॉर्मनचं.

तपासा: पाय किती, पंख किती, तोंडात जबडे की सोंड, मिशा कशा. ही चार उत्तरं वहीत लिहिल्याशिवाय अ‍ॅप उघडायचं नाही. अ‍ॅप रंग आणि आकार बघतं, म्हणजे टोपीच बघतं.

टप्पा ७ : नक्कल म्हणण्याआधी

दोन कीटक सारखे दिसतात म्हणून एक दुसऱ्याची नक्कल करतो असं होत नाही. तीन प्रश्न विचारा. ज्याची नक्कल केली तो खरंच विषारी, कडू किंवा नांगीवाला आहे का? प्लेन टायगर आहे, त्याची अळी रुईचं विष अंगात साठवते. दोघं एकाच भागात, एकाच हंगामात राहतात का? आणि दोघांना खाणारा तोच पक्षी किंवा सरडा तिथे आहे का? एकाचंही उत्तर "नाही" आलं तर वहीत "सारखा दिसतो" एवढंच लिहा.

लपण्याच्या सोंगालाही परीक्षा आहे. किडा नेहमी त्या जुळणाऱ्या जागीच बसतो का? तीन वेगवेगळ्या सकाळी बघा. भिंतीवर चुकून बसलेला हिरवा नाकतोडा पाहून "सोंग फसलं" म्हणू नका.

आणि एक गैरसमज. कीटक ठरवून, बघून सोंग घेत नाही. जे कमी दिसले ते वाचले, त्यांची पिल्लं वाढली, असं पिढ्यान्‌पिढ्या झालं. काहींच्या बाबतीत हंगाम रंग ठरवतो. केळीच्या बागेत सडक्या फळांवर येणारा इव्हनिंग ब्राऊन पावसाळ्यात पंखाखाली डोळ्यांसारखे गोल घेऊन हिंडतो. पाऊस सरल्यावर जन्मणाऱ्या पिढीत ते गोल जवळजवळ पुसलेले असतात आणि पंख वाळक्या पानासारखे होतात. ऑगस्टचा फोटो आणि डिसेंबरचा फोटो शेजारी ठेवून दोन जाती ठरवणारे मला दरवर्षी भेटतात.

टप्पा ८ : नोंद आणि परत

तारीख, वेळ, गाव-शिवार, झाडाचं नाव, झाडाचा कुठला भाग (पानाची वरची बाजू, खालची, शेंडा, साल), किडा बसला होता तेव्हा तोंड कुठल्या दिशेला, आणि हलवल्यावर काय केलं. शेवटच्या दोन गोष्टी कुणी लिहीत नाही आणि ओळख पटवणारा नेमक्या त्याच विचारतो. फोटो आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकणार असाल तर पाचही टाका, फक्त सुंदर आलेला एक नको. नाव पक्कं नसेल तर "भुंगेरा" एवढंच लिहून सोडा, जाणकार पुढे नेतात.

डब्यातला किडा त्याच झाडावर, त्याच फांदीवर, सावलीच्या बाजूला सोडा. बाभळीचा "काटा" कडुनिंबावर सोडलात तर पहिल्याच चिमणीला दिसेल. छत्री झटकायची तीही त्याच झाडाखाली. आणि घरी जाण्याआधी कॉलर, टोपी आणि सामानाची पिशवी बघून घ्या. मागच्या श्रावणात माझ्या पिशवीच्या पट्ट्यावर एक काडी अडकून घरापर्यंत आली. बायकोने ती केरात टाकली, तेव्हा ती चालायला लागली.